पाटकऱ्याची सायकल दरेकशाला निघाली

मित्रांनो, मी जुनी आहे हे मला फार उशिरा कळलं. गेल्या डिसेंबरात आमच्या अंगणात एक नवी सायकल येऊन उभी राहिली आणि त्या दिवसापासून घरातली सगळी माणसं मला 'जुनी' म्हणू लागली. त्याआधी मी नुसती 'सायकल' होते. त्या एका शब्दानं माझ्या पोटात जी आग पडली, तिचीच ही हकीकत आहे. मी जळकी आहे हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढे कुणी तोंडावर म्हणायला नको.

माझा जन्म कुठल्या तरी मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही, कारण तेव्हा मी सायकल नव्हते, नुसते सुटे भाग होते. खोक्यात बसून रेल्वेनं गोंदियाला आले आणि पुढे अर्जुनी मोरगावच्या एका दुकानात माझी जोडणी झाली. काळा रंग, दांडीचे ब्रेक, जाड कॅरिअर आणि हँडलवर चकचकीत घंटी. हिरालाल शहारे यांनी मला १९९३ साली घरी आणलं. त्याच महिन्यात त्यांना पाटकऱ्याची नोकरी लागली होती. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी शेतांना वाटून देणारा माणूस. इटियाडोह धरणाचा मोठा कालवा, त्याला फुटलेले लहान पाट, आणि प्रत्येक पाटाच्या तोंडाशी चाक फिरवून उघडायचं लोखंडी गेट. त्या गेटची हातभर लांब चावी माझ्या दांडीला बांधलेली असायची.

तीस वर्षं आम्ही दोघं त्या काठानं हिंडलो. हिरालालभाऊंचा एक नियम होता. पाणी सोडलं की पाटाच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याचं आधी भिजायचं, मग मधल्याचं, आणि तोंडापाशी असलेल्याचं सगळ्यात शेवटी. तोंडापाशी असलेले त्यांच्याशी भांडायचे. शेवटच्या टोकाचे मात्र माझी घंटी ऐकली की बांधीतून उठून उभे राहायचे. आमच्याकडे धानाच्या वाफ्याला बांधी म्हणतात. 'पाटकऱ्याची सायकल आली, आता पानी येतेच,' असं ते म्हणायचे. पाटकरी आला असं नाही, सायकल आली असं. हे शब्द मी अजून जपून ठेवले आहेत.

भाऊंची मुलगी मोनाली लहान होती तेव्हा माझ्या दांडीवर तिच्यासाठी लाकडी पाटली बसवली होती. ती तिथं बसून घंटी वाजवायची. मला ती फारशी आवडायची नाही, कारण ती बसली की भाऊंचं लक्ष रस्त्यावरून आणि माझ्यावरून उडून तिच्याकडे जायचं. बघा, तेव्हापासूनच माझा स्वभाव असा.

वय वाढलं तशा मला खोडी जडल्या. त्यांतली मोठी खोड मागच्या ब्रेकची. ब्रेकचं रबर धरून ठेवणारा पत्रा ढिला झाला होता. ब्रेक एकदम जोरात ओढला तर रबर रिमच्या खाली निसटायचं आणि चाक मोकळंच फिरत राहायचं. हळूच एकदा, मग पुन्हा एकदा ओढला तर मी जागच्या जागी थांबायचे. भाऊंच्या हाताला ही सवय इतकी झाली होती की त्यांना ती खोड वाटतच नव्हती. ज्या खोडीची हाताला सवय झाली ती दुरुस्त करायचं कुणाला सुचतं? आणि मला तर ती दुरुस्त व्हायलाच नको होती. ती आमच्या दोघांतली गोष्ट होती. दुसरं कुणी मला चालवायला घेतलं की दोन पावलांत माघारी आणून द्यायचं, आणि मी मनातल्या मनात खूश व्हायचे.

मग भाऊ निवृत्त झाले. गेटची चावी त्यांनी ऑफिसात जमा केली आणि मला धानाच्या पोत्यांच्या खोलीत उभं केलं. तिथं कोंबड्या माझ्या सीटवर येऊन बसू लागल्या. भाऊ दिवसभर खाटेवर बसून असत. मी आत, ते बाहेर. त्यांना बरं वाटत नाही याचं मला वाईट वाटे, पण ते दुसऱ्या कुणावर बसत नाहीत याचं समाधानही होतं. अशी दोन वर्षं गेली.

मग डिसेंबरातल्या एका रविवारी मोनाली गोंदियाहून आली. ती तिथं एका दवाखान्यात नर्स आहे. टेम्पोतून तिनं एक सायकल उतरवली. निळी, बारीक अंगाची, रुंद हँडलची. चाकांच्या मधोमध ताटलीसारखे ब्रेक. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटीसुद्धा नाही. मला वाटलं, अर्धवट बनवून पाठवली असेल.

"बाबा, तुमच्यासाठी आहे," मोनाली म्हणाली.

"माह्यासाठी कायले? मले सायकल आहे ना."

"ते जुनी झाली. रिटायर झाल्यापासून तुमी खाटेवर बसून राहिले. डॉक्टरनं काय सांगितलं? पाय चालवा म्हनून."

मग तिनं आपला बेत सांगितला. दरेकशाला भाऊंची मोठी बहीण अंजनाबाई राहते. तिची नात दीप्ती सालेकसाला कॉलेजात जाते आणि तिला सायकल हवी आहे. "जातानी दोन्ही सायकली नेऊ. तुमी नवीवर बसा, मी जुनीवर बसतो. नवेगावबांध, कोहमारा, देवरी, आमगाव, असे तीन दिवस आरामात जाऊ. जुनी दीप्तीले देऊन देऊ, अन येतानी नवी घेऊन रेल्वेनं वापस."

आपण नको आहोत हे ऐकायला मिळणं वाईटच. पण आपल्याला जिथं टाकून देणार तिथं आपणच आपल्या चाकांनी जायचं, आणि तेही सवतीच्या मागून, हे त्याहून वाईट. भाऊ नाही म्हणतील म्हणून मी वाट पाहत होते. त्यांनी नव्या सायकलीचं पुढचं चाक एका हातानं उचलून पाहिलं.

"हलकी आहे वो," ते म्हणाले.

झालं. माझ्यावरच्या कोंबड्या हाकलल्या, मला पुसलं, चेनला तेल दिलं. दोन वर्षांनी तेल मिळालं, पण ते पोरीच्या सासरी पाठवणीचं तेल होतं हे मला कळत होतं.

सोमवारी सकाळी आम्ही निघालो. धान कापून झालं होतं, बांध्या मोकळ्या होत्या, रस्त्याच्या कडेला तनसीचे, म्हणजे धानाच्या पेंढ्याचे, ढीग लागले होते. मित्रांनो, त्या सकाळी मी एक गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. ती म्हणजे हिरालालभाऊंची पाठ. तीस वर्षं ते माझ्यावर बसले होते. त्यांचे तळवे, त्यांच्या पोटऱ्या, हँडलवरची बोटं मला पाठ होती. पाठ कधी दिसलीच नव्हती. ती आता माझ्यापुढे वीस हातांवर चालली होती, खांद्यावर दुपट्टा, आणि खाली ती निळी, अजिबात आवाज न करता. मी मात्र दर पायडलीला खट् खट् करत होते.

नवेगावबांधला चहाच्या टपरीवर थांबलो. तिथं लोक जमले ते तिच्याभोवती. एकानं गेर, म्हणजे गिअर, मोजले, एकानं ब्रेकच्या ताटलीला बोट लावलं, एकानं फोटो काढला. माझ्या कॅरिअरवर मात्र कुणी तरी येऊन बसलं आणि तिथंच चहा प्यायलं. भाऊ उठले तेव्हा त्यांनी दुपट्ट्यानं तिची सीट पुसली. तो दुपट्टा माझा होता. म्हणजे त्यांचाच, पण तीस वर्षं तो माझ्याच सीटवरून फिरत आला होता.

पहिला मुक्काम कोहमाऱ्याला, खेमराजच्या घरी. खेमराज भाऊंबरोबरचा जुना पाटकरी. त्यानं निळीला उचलून थेट छपरीत नेलं आणि मला बाहेर कडुलिंबाला टेकवलं. टेकवताना माझ्या सीटवर थाप मारून म्हणाला, "हे अजून जिती आहे काय, हिरालाल?"

"चालते अजून," भाऊ म्हणाले.

चालते अजून. एवढंच. कालव्यावरच्या तीस वर्षांबद्दल ते आणखी काही तरी बोलतील म्हणून मी कान लावून होते. पण ते दोघं निळीच्या गेरांवर बोलत बसले.

आता त्या गेरांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच घडलं. दुसऱ्या दिवशी देवरीकडे जाताना चढ लागले. कालव्याच्या काठाला चढ नसतो, त्यामुळे भाऊंना आणि मला दोघांनाही चढ नवे होते. मोनालीनं त्यांना समजावलं होतं, की चढावर लहान आकड्याचा गेर टाकायचा, म्हणजे पाय हलके पडतात. पण भाऊंची अक्कल गेटच्या चाकावर तयार झालेली. चढ दिसला की ते गेर वाढवत न्यायचे, सगळ्यात मोठ्या आकड्यापर्यंत, आणि मग सीटवरून उठून, दात आवळून, सगळं वजन पायडलींवर टाकायचे.

"बाबा, उलटं करून राहिले तुमी. चढाले लहान नंबर."

"असं कसं? उंचावरच्या बांधीले पानी चढवाचं असन तं गेट जास्त खोलावं लागते. कमी खोलून पानी वर जाईन काय?"

"हे गेट नाही ना, बाबा."

"सगळं तेच असते, बाई."

मोनालीनं कपाळावर हात मारला. निळीची चेन करकरत होती. त्या आवाजानं मला इतका आनंद झाला की काय सांगू. तुटू दे, मी मनात म्हणाले. तुटू दे, म्हणजे कळेल हलकी कोण आणि दणकट कोण. सायकलीला मुद्दाम काही करता येत नाही, पण मनात आणता येतं, आणि मी दिवसभर हेच मनात आणत होते. त्या नादात माझ्या हँडलवर कोण आहे याची मला शुद्ध नव्हती. मोनाली मला नीट चालवत होती. खड्डा आला की सीटवरून उठायची, ब्रेकही हळूच ओढायची, म्हणून माझी खोड तिला कळलीच नव्हती. देवरीच्या पुढे तिनं थांबून माझ्या मागच्या चाकात अडकलेली दोरी सोडवली आणि घंटी वाजवून पाहिली. मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझे डोळे पुढच्या पाठीवर होते.

आमगावला मुक्काम झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी निळीची चेन दाखवायला आम्ही मुन्नालालच्या दुकानात गेलो. मुन्नालाल हिंदी बोलणारा, हात काळे, तोंडात सुपारी. त्यानं निळीच्या चेनला तेल दिलं आणि म्हणाला, "चढाई पे इतना जोर मत दो भाऊ, ये चेन पतली रहती है. इसका माल यहाँ नहीं मिलता." मग सहज माझ्याकडे वळून त्यानं माझा मागचा ब्रेक दाबला. रबर निसटलं. त्यानं भुवया वर केल्या.

"और इसका ब्रेक? दस मिनट का काम है. आगे दरेकसा का उतार है."

मोनाली तेव्हा समोरच्या दुकानात पाण्याच्या बाटल्या घ्यायला गेली होती. भाऊंनी मान हलवली.

"राहू द्या. मले माहीत आहे तिचं."

मले माहीत आहे तिचं. मित्रांनो, तीन दिवसांत माझ्याविषयी बोलले गेलेले तेवढेच गोड शब्द. मी अशी फुलले की विचारू नका. निळीला एकवीस गेर असतील, पण तिच्याविषयी भाऊंना काय माहीत होतं? काहीच नाही. आणि माझं सगळं त्यांना माहीत होतं. त्या शब्दांत काय चूक होती हे मला तेव्हा दिसलं नाही. त्यांनाही दिसलं नाही. माहीत त्यांना होतं, पण बसणार मोनाली होती.

सालेकसा मागे पडलं आणि जंगल सुरू झालं. साग, मोहा, मध्येच दगडी टेकड्या. चढ मोठा होता. मोनाली माझ्यावरून उतरून मला ढकलत चालू लागली. भाऊ कसले ऐकतात! मोठा गेर टाकून, उभे राहून, हूं हूं करत ते चढले. माथा चार हातांवर असताना कट् असा आवाज झाला आणि निळीची चेन तुटून रस्त्यावर पडली. मी मनात काय म्हणाले ते सांगायला आता लाज वाटते. मी म्हणाले, झालं एकदाचं.

मोनाली धापा टाकत पोहोचली. भाऊ तुटलेली चेन हातात घेऊन उभे होते.

"आता काय करता?" तिनं विचारलं.

"काही नाही. आता उतारच आहे. बिना चेनची सोडतो, गावापर्यंत जाते."

ते पुढे निघाले. निळी आवाज न करता घरंगळत गेली. मागोमाग मोनाली माझ्यावर बसली आणि आम्ही निघालो. तीस वर्षांत मी इतकी जोरात कधी धावले नव्हते. सपाटीवर वाढलेली मी, मला तो वेग आवडला. खरं सांगते, मला तिला मागे टाकायचं होतं.

वळणावर गुरं होती. जंगलातून निघून कळपच्या कळप रस्त्यावर आला होता. भाऊंनी ब्रेक दाबले आणि निळी जागच्या जागी थांबली. मोनालीनं माझे दोन्ही ब्रेक एकदम, जीव खाऊन ओढले. कुणीही ओढले असते. पुढचा ब्रेक नावालाच होता. मागचं रबर रिमखाली निसटलं आणि चाक मोकळं फिरत राहिलं. हळू, दोनदा, मी म्हणत होते, हळू ओढ, दोनदा ओढ. पण तिला ते कुणी सांगितलंच नव्हतं. भाऊंना आणि गुरांना चुकवायला तिनं हँडल वळवलं आणि आम्ही दोघी रस्त्याखालच्या नालीत जाऊन पडलो. ती खाली, मी तिच्या अंगावर.

निळी रस्त्यात आपटल्याचा आवाज आला. भाऊंनी ती तशीच टाकून दिली होती आणि ते धावत येत होते. माझ्याकडे येत आहेत असं मला वाटलं. एवढं झाल्यावरही मला असंच वाटलं, बघा. ते आले, त्यांनी मला दोन्ही हातांनी धरून उचललं आणि बाजूच्या दगडांवर फेकून दिलं. तीस वर्षांत त्यांनी मला कधी आपटून उभंसुद्धा केलं नव्हतं.

"मोना. मोना, बोल ना वो. कोठी लागलं?"

मोनालीचं कोपर सोलून निघालं होतं, गुडघ्यातून रक्त येत होतं आणि डावं मनगट बघता बघता सुजलं. ती रडली नाही. आपलंच मनगट हळूच हलवून पाहत ती म्हणाली, "ब्रेक लागला नाही, बाबा. दाबला मी. लागलाच नाही."

भाऊ तिच्याजवळ पाचोळ्यात बसले. दुपट्ट्यानं त्यांनी तिच्या गुडघ्याचं रक्त टिपलं. मग म्हणाले, "मले माहीत होतं."

गुरांमागून केशोराव नावाचा म्हातारा गुराखी आला. त्यानं पाणी दिलं आणि गाव तीन किलोमीटरवर आहे म्हणून सांगितलं. मग असं ठरलं, की मोनालीला माझ्या कॅरिअरवर बसवायचं, भाऊंनी मला धरून चालायचं, आणि केशोरावांनी निळीला ढकलत आणायचं. म्हणजे पाहा, मला हवं होतं ते सगळं मिळालं. भाऊंचे हात माझ्या हँडलवर. निळी चेन तुटून, परक्या माणसाच्या हाती, माझ्या मागे. आणि मला कणभरही आनंद झाला नाही. मागे मोनाली एका हातानं सीट धरून बसली होती आणि खड्डा आला की तिच्या तोंडून नकळत स्स निघत होता. माझ्या कानात तेवढंच शिरत होतं.

दरेकशाला अंजनाबाईंच्या दारात पोहोचलो. "जयभीम बाई," भाऊ म्हणाले, आणि बाईंनी उत्तर द्यायच्या आधीच मोनालीचा हात पाहिला. नर्सनं स्वतःच्या मनगटाला पट्टी कशी बांधायची ते दीप्तीला शिकवून बांधून घेतली. हाड मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं. चहा झाला. मग अंजनाबाई माझ्याजवळ आल्या, ब्रेक दाबून पाहिला आणि भावाला म्हणाल्या, "अशी सायकल माह्या नातीले नोको, हिरा. रोज उतारावरून जाते पोरगी. वापस घेऊन जा."

वापस घेऊन जा. तीन दिवस मी हेच मागत होते. आता मला घरी नेतील, पुन्हा पोत्यांच्या खोलीत, पुन्हा भाऊंच्या घरी. पण दाराशी उभी असलेली दीप्ती माझ्यापासून एक पाऊल मागे सरली, आणि ते पाऊल मला दगडांवर पडण्यापेक्षा जास्त लागलं. आजवर मला कुणी जुनी म्हटलं, कुणी खटारा म्हटलं. मला भ्यालं मात्र कुणी नव्हतं.

भाऊ उठले. त्यांनी आपला भाचा, म्हणजे दीप्तीचा बाप अतुल, याला सालेकसाला पाठवलं. निळीच्या चेनसाठी नाही, तिची चेन तिथं मिळणारच नव्हती. माझ्या ब्रेकसाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मला उलटी करून ते बसले. चारही रबरं नवी, मागचा पत्रा नवा, दांड्या सरळ केलेल्या. मग मला घेऊन ते स्टेशनाजवळच्या उतारावर गेले आणि सात वेळा वरून खाली आले. सातही वेळा त्यांनी ब्रेक एकदम, जोरात ओढला, ज्याला काही माहीत नाही असा माणूस ओढेल तसा. मी सातही वेळा थांबले.

त्यानंतर जे झालं ते मला सगळ्यात जड गेलं. त्यांनी दीप्तीला बोलावलं आणि माझ्या सीटवर बसवलं.

"ऐक. डावी पायडल खटखट वाजते, तिले काही होत नाही, भेऊ नको. पाय उलटा फिरवू नको, चेन उतरते. स्टँड पंजानं लागत नाही, टाचेनं मारावं लागते. ऊन तापलं की सीट मागं झुकते, दोन दिवसांनी नट कसत जा. घंटी वरून दाबू नको, बाजूनं दाब."

ते सांगत होते आणि मला वाटत होतं, आपलं एकेक काढून कुणी परक्याच्या ओटीत टाकतंय. उन्हात झुकणारी सीट फक्त त्यांना माहीत होती. ती टाच फक्त त्यांची होती. मोनाली छपरीत बसून ऐकत होती. तिनं विचारलं, "बाबा, हे मले काऊन नाही सांगितलं?"

भाऊ म्हणाले, "तू मागून येऊन राहिली होती. मले वाटलं, सायकल माही आहे तं तिच्यावर मीच बसलो आहो."

मोनालीनं दुखऱ्या हातानं भाऊंकडे पाण्याचा गडू सरकवला, आणि त्यांनी तो घेतला. अंजनाबाईंनी माझा ब्रेक पुन्हा एकदा दाबून पाहिला आणि "ठेव मंग इथंच," एवढं म्हटलं.

दरेकशाला आल्याच्या तिसऱ्या दिवशी ते दोघं रेल्वेनं निघाले. निळी लगेजच्या डब्यात चढली. खोटं कशाला बोलू, ती चढताना माझ्या पोटात पुन्हा एकदा जाळ झालाच. भाऊंनी वळून माझ्याकडे पाहिलं की नाही, ते मला कळलं नाही, कारण दीप्तीला कॉलेजला उशीर होत होता आणि ती मला घेऊन रेल्वेच्या फाटकाकडे निघाली होती.

मित्रांनो, आता मी दरेकशाची आहे. रोज चढते, रोज उतरते. म्हातारपणी डोंगर शिकले. आत्मकथा सांगणाऱ्या वस्तू शेवटी आम्हाला जपा, आम्हाला तेलपाणी करा असं विनवतात. तेल द्याच, मी नको म्हणणार नाही. पण माझं मागणं वेगळं आहे. आपली जुनी वस्तू दुसऱ्याच्या हाती देताना नुसती पुसून, चकचकीत करून देऊ नका. तिच्या खोडी सांगून द्या. आपल्यालाच माहीत आहे यात मोठेपणा वाटतो, मलाही वाटला होता, आणि त्या मोठेपणापायी एका पोरीचं मनगट सुजलं. जिच्यासाठी कधी काळी माझ्यावर लाकडी पाटली बसवली होती, तिचं.

त्या पडण्यात माझं पुढचं चाक धरणारा चिमटा किंचित वाकला होता. तेव्हापासून उतारावर माझं हँडल जरा डावीकडे ओढतं. हे भाऊंना माहीत नाही, कारण सातही वेळा त्यांचं सगळं लक्ष ब्रेककडे होतं; मुन्नालालला माहीत नाही. ते दीप्तीनं एकटीनं शोधून काढलं, चौथ्या दिवशी. परवा तिची मैत्रीण टीना मला मागायला आली. तिला घाई होती, ती सीटवर बसलीसुद्धा. दीप्तीनं माझं हँडल घट्ट धरून ठेवलं.

"थांब. उतारावर डावीकडं वढते हे. उजव्या हातानं धरून ठेव. समजलं काय?"

"समजलं."

"मंग सांग, कोन्त्या हातानं?"

"उजव्या."

तेव्हा कुठे तिनं मला सोडलं. टीनाचं बसणं मला काही आवडलं नाही. वजन एका बाजूला टाकते, आणि घंटी उगाचच वाजवते. दीप्ती फाटकापाशी एकटी उभी राहिली, तिच्यासाठी माझा जीव तुटला. पण वळणावर पुन्हा गुरं आली, टीनानं घाबरून दोन्ही ब्रेक एकदम ओढले, आणि मी थांबले.